किल्लीचे कापलेले दाते

सकाळी इमारतीच्या छपरावरच्या जाड नळीतून पांढरा ढग फुटला. आवाज असा, की रस्त्यावरच्या गाड्या थबकल्या. कुणीतरी बंब बोलावला. बंबवाले धापा टाकत वर गेले, नळीवर जमलेला बर्फ बघितला आणि म्हणाले, "आग कसली घेऊन बसलात? इथे तर गारठून मरायची वेळ आहे."

मग पोलीस ठाण्यात फोन वाजला. पलीकडचा माणूस हुंदके देत होता.

"खून झालाय."

"कुणाचा?"

"चुंबकाचा."

हवालदाराने रिसीव्हरवर हात दाबला. "मॅडम, हा खुळा आहे की घेतलेला, काही कळत नाही."

इन्स्पेक्टर बाईंनी पत्ता विचारून घेतला आणि उठल्या. "चला मामा. रडणारा माणूस सकाळी सकाळी थट्टा करत नाही."

मेंदू संशोधनाची ती इमारत बाहेरून मोठी देखणी होती. आत लांब कॉरिडॉर, कॉरिडॉरच्या शेवटी जमिनीवर लाल रेघ, रेघेच्या आधी भिंतीला टेकून एक बाक. बाकावर एक म्हातारा बसला होता. कमरेला किल्ल्यांचा हा एवढा जुडगा. त्याच्यापासून थोडी दूर एक बाई, मांडीवर पुरुषाच्या चपला घेऊन. म्हातारा इन्स्पेक्टर बाईंकडे असा बघत होता, जणू त्यांचीच वाट बघत होता.

फोन करणारा मशीनवाला निघाला. टकलाची तुळतुळीत गोल जागा, लाल डोळे. तो त्यांना रेघेपलीकडे घेऊन गेला. पांढरं, अवाढव्य पिंप आडवं ठेवावं तसं यंत्र. मध्ये माणूस सरकवायचं भोक. खोली कडाक्याची गार.

"मामा, पंचनामा सुरू करा."

"करतो. मयताचं नाव काय लिहू?"

मशीनवाल्याला हसू आलं नाही. "साहेब, तुम्हाला गंमत वाटते. पोटात पातळ हेलियम होतं याच्या, म्हणून हा जिवंत होता. हे बटण दाबलं की सगळं हेलियम उकळून छपरातून बाहेर. परत उभा करायला कित्येक महिने. आणि नीट उभा राहील याची खात्री नाही."

बटण खोलीच्या आत, कोपऱ्यात, पारदर्शक झाकणाखाली होतं. झाकण उघडं होतं.

"आणि ते दाराजवळचं मोठं लाल?"

"ते फक्त वीज तोडतं. त्याने चुंबकाला काही होत नाही. बाहेरचा माणूस घाबरला की तेच दाबतो."

इन्स्पेक्टर बाई दारापाशी वाकल्या. दार आतल्या बाजूला उघडणारं. त्याच्या खाली लाकडाची पाचर नीट ठोकलेली.

"ही तुमची?"

"नाही हो. दार उघडं ठेवायचं नाही असा नियम आहे. म्हणजे..." तो थांबला. "गॅस आत कोंडला तर दाबाने दार उघडतच नाही. आतला माणूस गुदमरून मरतो. कुणीतरी आधीच पाचर लावून ठेवली."

"म्हणजे दाबणाऱ्याला आपला जीव प्यारा होता."

"किंवा दुसऱ्याचा," हवालदार पुटपुटला.

दाराबाहेर उंच टेबलावर प्लास्टिकचा ट्रे होता. आत जाण्याआधी अंगावरचं धातूचं सगळं त्यात काढायचं. ट्रेमध्ये केसांच्या चार काळ्या पिना पडल्या होत्या. बाकी काही नाही.

"या कुणाच्या?"

"असतील कुणा पेशंट बाईच्या." मशीनवाल्याने टकलावरून हात फिरवला. "माझ्या तर नाहीत, हे तुम्हीच बघताय."

"ट्रे रिकामा कधी करता?"

"रोज संध्याकाळी. न चुकता."

"आज सकाळी कोण पेशंट?"

"एक बेकरीवाला पोरगा. मोटारसायकलवरून पडला, तेव्हापासून डोळे उघडे, मान अधूनमधून हलते, पण आत कुणी आहे की नाही, पत्ता नाही. त्याची आई बाहेर बसलीय बघा. मी स्ट्रेचर आणायला वॉर्डात गेलो होतो. परत येतो तर हा ढग."

"हे यंत्र नक्की दाखवतं काय?"

त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर जान आली. "साधं यंत्र मेंदूचा आकार दाखवतं. आमचा हा चुंबक मेंदू काय खातो ते दाखवतो. पेशंटच्या नळीतून एक खास साखर सोडायची. चालता मेंदू ती जाळतो, तिचं दुसरं काहीतरी बनवतो, ते आम्हाला रंगात दिसतं. बंद पडलेल्या मेंदूत साखर तशीच पडून राहते. शिवाय मेंदूतल्या प्रत्येक रसायनाचा एकेक सुळका कागदावर उठतो. कुठला सुळका कुठे, हे ठरलेलं."

"आणि मग?"

"मग सर ठरवतात. साखर जळत नसेल तर उपचार चालू ठेवण्यात अर्थ नाही, असं."

"सर ठरवतात?"

"समिती ठरवते," तो घाईने म्हणाला. "सर सांगतात."

प्रमुख प्रोफेसर आपल्या खोलीत उभेच होते. खोलीभर फ्रेमा. बक्षिसं, हस्तांदोलनं, फिती कापतानाचे फोटो. मोठ्या माणसांना आपलंच तोंड बघायला एवढ्या काचा का लागतात, देव जाणे.

"वेळ घालवू नका," ते म्हणाले. "बाहेर बाकावरचा म्हातारा. त्यानेच केलंय. त्याच्या मुलीची केस झाली होती इथे. पाण्यात बुडाली होती, श्वास परत आला, शुद्ध आली नाही. दुसऱ्या तपासणीत मेंदू पूर्ण बंद निघाला. समितीने सांगितलं, बापाने सही केली, नळ्या काढल्या, ती गेली. तेव्हापासून रोज येऊन बसतो. दया म्हणून बसू दिलं. हे फळ."

"दुसऱ्या तपासणीत म्हणालात. पहिलीत काय निघालं होतं?"

"पहिली वाया गेली. ती मान हलवायची सारखी. चित्र फिसकटलं. मागच्या भागात थोडा रंग दिसला होता, पण हलल्यामुळे तसलं काहीबाही दिसतं."

"दुसऱ्या वेळी हलली नाही?"

"काचेसारखं स्वच्छ चित्र आलं. आमचं आजवरचं सर्वांत उत्तम. त्याचा आलेख बाहेर भिंतीवर लावलाय."

"का हलली नाही?"

प्रोफेसरांनी चष्मा पुसला. "नशीब."

"त्या दिवशी मशीन कोण चालवत होतं?"

"मी स्वतः. तंत्रज्ञ रजेवर होता."

शेजारच्या तयारीच्या खोलीत सिस्टर सुया मोजून डब्यात टाकत होती. मध्यम वयाची, थकलेली. सारखे सारखे केस कपाळावर येत होते आणि ती मनगटाने मागे सारत होती.

"ढग फुटला तेव्हा तुम्ही कुठे?"

"इथेच. पेशंटची तयारी."

"तयारी म्हणजे?"

"साखर मोजायची. नळी बघायची."

"आणखी काही देतात?"

"सर सांगतील ते."

"आज काय सांगितलं होतं?"

तिच्या हातातली सुई डब्याच्या कडेला लागून खाली पडली. "आज... काही द्यायची वेळच आली नाही ना, मॅडम."

इन्स्पेक्टर बाईंनी सुई उचलून दिली. आणखी काही विचारलं नाही.

बाकावरचा म्हातारा त्यांना बघताच उठला. दोन्ही मनगटं पुढे केली.

"चला. मीच केलं."

"बसा काका. धंदा काय तुमचा?"

"कुलपं. बाजाराच्या तोंडाशी टपरी आहे. लोक किल्ल्या हरवतात, मी दारं उघडून देतो."

"यंत्र का बंद पाडलंत?"

"माझी पोर खाल्ली त्याने."

"कसं पाडलंत?"

"गेलो आत. बटण दाबलं."

"कुठलं?"

"ते... दाराजवळचं. मोठं लाल."

हवालदाराने बाईंकडे बघितलं. बाईंनी मान हलवली. मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "काका, त्या बटणाने काही होत नाही. आणि कमरेला हा जुडगा घेऊन चालू चुंबकाजवळ गेला असतात तर किल्ल्यांनी तुम्हाला फरपटत भोकात नेलं असतं. खोटं का बोलताय?"

म्हातारा बसला. किल्ल्या चाळवू लागला.

"सही मी केली," तो म्हणाला. "ते म्हणाले, आत कुणी नाही. कागद दाखवला. मी म्हटलं, एवढी शिकलेली माणसं, खोटं कशाला बोलतील? केली सही. पण बाई, पहिल्या वेळी मी तिच्याशी बोललो होतो. म्हटलं, पोरी, घरच्या दाराची किल्ली तूच ठेवलीस, मला अजून सापडत नाही. आणि तिने मान फिरवली. खरंच फिरवली, का मला वाटलं? ती होती का आत, एवढंच कुणीतरी सांगा. असेल तर मी तिला मारलं. मग मला शिक्षा द्या. इथे कुणी शिक्षाही देत नाही. चहा विचारतात."

हवालदाराने नाक ओढलं आणि दुसरीकडे बघितलं.

"कसला कागद दाखवला?"

"भिंतीवर आहे तोच. सुळके सुळके. मला तर किल्लीसारखा दिसला, दाते दाते. म्हणून लक्षात राहिला."

आलेख कॉरिडॉरच्या भिंतीवर ओळीने लावले होते. प्रत्येक पेशंटचा एक. नावं नाहीत, रोगाचं नाव आणि वय. बाई एकेक बघत गेल्या. सगळ्यांचा डौल सारखा. डावीकडे मोठे सुळके, मग एक सर्वांत उंच, मग उतरत उतरत उजवीकडे सपाट रेघ, अगदी कागदाच्या कडेपर्यंत. खाली आकडे उजवीकडे शून्याकडे घसरत गेलेले.

म्हाताऱ्याने बोट दाखवलं. मुलीचा आलेख सर्वांत मोठ्या फ्रेममध्ये. सर्वांत स्वच्छ.

आणि सर्वांत आखूड. शून्याच्या बऱ्याच आधी आकडे संपत होते. सपाट रेघ नव्हतीच. शेवटच्या छोट्या सुळक्याशी रेघ थांबत होती, आणि थांबता थांबता किंचित वर उचलली गेली होती. पुढे काहीतरी चढ असावा तशी.

बाईंनी मशीनवाल्याला हाक मारली. "कागद कापता येतो. यंत्राच्या पोटातलं कापता येतं?"

"नाही. मूळ माप अख्खं राहतं. मी स्वतः जपून ठेवतो."

"दाखवा. या मुलीचं."

त्याने संगणक उघडला. पडद्यावर रेघ डावीकडून उमटत आली, उंच सुळका, छोटे सुळके, कापलेली जागा ओलांडून पुढे गेली. तिथे दोन उंच सुळके उभे होते. अगदी एकमेकांना चिकटून, जुळ्या बहिणींसारखे.

मशीनवाला पडद्याकडे वाकला.

"हे मेंदूचं नाही," तो म्हणाला. "हे कुणाच्याच मेंदूत नसतं."

"मग कशाचं आहे?"

त्याने सांगितलं. बाईंनी ऐकलं, ट्रेमधल्या पिना कागदात गुंडाळल्या आणि म्हणाल्या, "मामा, सगळ्यांना सरांच्या खोलीत बोलवा. काकांनाही. त्यांचा हक्क आहे."

फ्रेमांच्या खोलीत सगळे उभे राहिले. म्हाताऱ्याला खुर्ची दिली, तो बसला नाही.

"आधी चुंबक," इन्स्पेक्टर बाई म्हणाल्या. "काकांनी कबुली दिली, ती खोटी. त्यांना बटणसुद्धा माहीत नाही. मारणाऱ्याला माहीत होतं. झाकणाखालचं कुठलं, दार कसं अडकतं, पाचर कुठे लावायची. कुणी मरू नये याची काळजी घेऊन चुंबक मारलं. म्हणजे इथलंच माणूस. मशीनवाले स्ट्रेचर आणायला वॉर्डात होते, सगळ्या वॉर्डाने बघितलंय. आणि ज्याने मारलं त्याने एक चूक केली. फक्त इथलं माणूसच करेल अशी. यंत्राचा जीव घ्यायला निघालं, तरी आत शिरण्याआधी सवयीने डोक्यातल्या पिना काढून ट्रेमध्ये ठेवल्या. मग ढग फुटला, सगळे धावले, पिना घ्यायला वेळ मिळाला नाही. ट्रे रोज संध्याकाळी रिकामा होतो. आजचा पेशंट पुरुष. त्याच्या आईने लाल रेघ ओलांडलेली नाही."

बाईंनी पुडी उघडून टेबलावर ठेवली. "सिस्टर, केस बांधून घ्या. सकाळपासून डोळ्यांवर येतायत."

सिस्टरने पिना उचलल्या नाहीत. 

"सिस्टर?" प्रोफेसर ओरडले. "तुम्ही? अहो, काय केलंत हे! एवढ्या वर्षांची मेहनत..."

"थांबा सर. अजून झालं नाही," बाई म्हणाल्या. "सिस्टरने आजच का मारलं? आज दुसऱ्या पेशंटची तपासणी होती म्हणून. त्या बेकरीवाल्या पोराचीही मान हलते. हलली की चित्र फिसकटतं. त्यावर तुमच्याकडे एक उपाय होता. मुलीवर केलेला. सिस्टर, तुम्ही सांगता की मी सांगू?"

सिस्टर बोलली तेव्हा आवाज अगदी सपाट होता.

"सर म्हणाले, थोडं झोपवा. टिपून ठेवू नका, उगाच प्रश्न विचारतात. मी झोपेचं इंजेक्शन दिलं. रोज शंभरांना देतो आम्ही. मला कुठे ठाऊक, त्याने काय दिसेल? समितीने तिच्या नळ्या काढायला सांगितल्या, तेव्हा मी सरांना विचारलं. झोपवल्यामुळे तर नाही ना? सर म्हणाले, तुम्ही नर्स आहात, नर्स राहा. मग तो कागद भिंतीवर लागला. मी पडद्यावर अख्खा बघितला होता, त्या दिवशी, यांच्या मागे उभी राहून. भिंतीवर तो अर्धा होता."

"झोपेचं ते औषध पाण्यात विरघळत नाही," बाई म्हाताऱ्याकडे बघत सावकाश म्हणाल्या. "म्हणून एका दाट, गोडसर द्रवात मिसळून भरतात. औषध कणभर असतं, ते यंत्राला दिसत नाही. द्रव भरपूर असतो. तो मेंदूत जातो आणि दोन चिकटलेले सुळके उठतात. त्या औषधाने झोपलेला मेंदू साखर फारशी जाळत नाही. चांगला मेंदूसुद्धा. काका, पहिल्या चित्रात रंग होता. दुसऱ्यात गेला, कारण तिला झोपवून मग विचारलं, जागी आहेस का."

"हा निव्वळ तर्क आहे," प्रोफेसर म्हणाले. "ती बरी झालीच नसती."

"कदाचित. पण ते तुम्हालाही माहीत नव्हतं. कागद तुम्ही समितीच्या आधी कापलात. काकांनी पाहिलेला कागद भिंतीवरचाच. समितीतल्या डॉक्टरांनी ते जुळे सुळके बघताच विचारलं असतं, हिला काय टोचलंय? परत तपासा म्हणाले असते. तुम्हाला परत तपासायचं नव्हतं. तुमच्या हातात आजवरचं सर्वांत स्वच्छ चित्र होतं."

प्रोफेसर बसले. त्यांच्या मागे फ्रेममधले त्यांचे चेहरे तसेच हसत होते.

"आज सकाळी सर परत म्हणाले, थोडं झोपवा," सिस्टर म्हणाली. "मी नाही म्हटलं असतं तर दुसरी आली असती. तिने दिलं असतं. तक्रार केली असती तर कागद त्यांचा, शब्द त्यांचा. मग मला एकच सुचलं. तो पोरगा यात जाताच कामा नये."

मशीनवाला तिच्याकडे बघत होता. सकाळपासून ज्याच्यासाठी रडत होता त्याचा मारेकरी समोर उभा होता.  तो म्हणाला, "निदान मला तरी सांगायचं होतंस गं."

"तू बटण दाबलं असतंस?"

त्याने मान खाली घातली.

हवालदार प्रोफेसर आणि सिस्टर दोघांना घेऊन निघाला. सिस्टर म्हाताऱ्यासमोर थांबली.   म्हाताऱ्याने तिला शिवी दिली नाही, माफही केलं नाही. फक्त वाट सोडली.

मशीनवालाही बाहेर गेला. खोलीत म्हातारा आणि इन्स्पेक्टर बाई दोघंच उरली.

"म्हणजे ती होती," तो म्हणाला.

इन्स्पेक्टर बाईंना खोटं बोलता आलं असतं. दोन्ही बाजूंनी. होती म्हटलं तर हा माणूस आज रात्र काढणार नाही. नव्हती म्हटलं तर तेच, जे फ्रेमवाल्याने केलं.

"माहीत नाही, काका. कधीच कळणार नाही. ती नव्हती असं त्या कागदात कुठेही नाही, एवढंच मी सांगू शकते. तुम्ही सही केलीत ती कापलेल्या कागदावर. तो तुम्ही कापला नव्हता."

"सही तरी माझीच ना."

बाईंनी त्याच्यासाठी दार उघडून धरलं. 

म्हातारा कॉरिडॉरमध्ये आला. बाकावर ती बाई अजून तशीच होती, मांडीवर मुलाच्या चपला. कुणी तिला काही सांगितलं नव्हतं. अशा आयांना कुणी काही सांगत नसतं, सही लागेपर्यंत.

तो तिच्या शेजारी बसला.

"ताई, तपासणी आज होत नाही. यंत्र गेलं."

"अगं बाई. मग आता?"

"आता बरं झालं." तो तिच्याकडे वळला. "पुढे कधी झाली, आणि कागद घेऊन आले, तर लगेच सही करायची नाही. आधी विचारायचं, त्याला झोपवलं होतं का. मग म्हणायचं, अख्खा कागद दाखवा. कडेपर्यंत. आणि त्याच्याशी बोलताना ही चप्पल त्याच्या हातात द्या. ओळखेल."

"ओळखेल?"

"मान फिरवली तर फिरवली म्हणायचं. वाटलं असेल, असं म्हणायचं नाही."

ती रडू लागली. तो उठला. पलीकडे दाराला अजून पाचर होती, आतलं पांढरं पिंप मुकं पडलं होतं. त्याला एकदा ती जागा बघायची होती, जिथे मुलीला ठेवलं होतं. इन्स्पेक्टर बाईंनी अडवलं नाही.

लाल रेघेशी तो थांबला. चुंबक मेलं होतं, आता ओढणारं तिथे काही नव्हतं. तरी त्याचा हात कमरेकडे गेला. त्याने जुडगा सोडवला, ट्रेमध्ये अलगद ठेवला, आवाज होऊ न देता, आणि मग आत गेला.